बहिरे सुतार

मशीनच्या हाताने ड्रॉवरची चौथी बाजू खोबणीत बसवली, चारही कोपरे एकेक करून दाबले, आणि सगळ्यांना वाटलं, झालं. पण हात थांबला नाही. त्याने आपलं रबरी बोट आत मुडपलं आणि ड्रॉवरच्या कडेवर दोनदा वाजवलं. टक, टक. मग तो हात सावकाश वर गेला, माणसाच्या कपाळाइतक्या उंचीवर हवेतच थांबला, जरासा कलला आणि पुन्हा खाली आला.

आधी सेठीसाहेब हसले. कारखाना त्यांचा, मशीन त्यांचं, तेव्हा पहिलं हसण्याचा मानही त्यांचाच. "मॅडम, ये सलाम किसको मार रहा है?"

ओजस्विनी लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसली होती. मशीनला काम शिकवणाऱ्या कंपनीची ती इंजिनियर. चाचणीच्या पहिल्याच दिवशी मशीनने असं काही करावं याची तिला लाज वाटत होती. पण कारखान्यातले सुतार तिच्याकडेही बघत नव्हते आणि मशीनकडेही बघत नव्हते. सातातले सहा जण सातव्याकडे बघत होते. त्या सातव्याचा उजवा हात त्याच्या नकळत कपाळापर्यंत गेला होता.

"ओए फौजी," जगतार म्हणाला, "ये तो तू ही है."

फौजी म्हणजे एकनाथ सुतार. वय बासष्ट, गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, मुक्काम पंजाबात, चंडीगडजवळच्या खरडला. फौजेत गेला तोही सुतार म्हणूनच. पूल बांधणाऱ्या पलटणीला बंदुकीइतकीच करवतही लागते. शेवटची पोस्टिंग तिथून जवळच चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत झाली, मुलाची शाळा मध्येच तोडायची नाही म्हणून निवृत्तीनंतर तो इथेच राहिला आणि चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात सेठींच्या फर्निचरच्या कारखान्यात लागला. त्याला एकोणीस वर्षं झाली. मुलगा शिकून पुण्याला गेला, आणि ज्यांनी त्याच्यासाठी मुक्काम ठोकला ते दोघे नवरा-बायको खरडमध्येच राहिले. गावाकडे विचारलं तर लोक सांगतील, एकनाथ हट्टी. चंडीगडमध्ये विचारलं तरी तेच सांगतील, फक्त हिंदीत.

वस्तू पुरी झाली की बोट मुडपून ती दोनदा वाजवायची आणि तोच हात कपाळाला लावायचा, ही त्याच्या बापाची रीत. लहानपणी त्याने बापाला विचारलं होतं की हे कशाला. बाप म्हणाला, "दार वाजिवल्याबिगर कुणाच्या घरात शिरतो का आपण? ह्यो पाट आता परक्याच्या घरात निघालाय. वाजवूनच जाऊ दे." हे उत्तर पोराला पटण्यासारखं होतं आणि पटलंही. वाजवण्याचा खरा उपयोग त्याला पुढे दहा-बारा वर्षांनी आपोआप कळला. सांधा नीट बसला असेल तर दोन्ही वेळा टक वाजतं. आत कुठे केसभर फट राहिली असेल तर दुसरा आवाज टप येतो. पहिल्या टकटकीने ढिला सांधा हलतो, दुसरीने बोलतो. हे त्याने कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं, कारण समजावण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

ओजस्विनीला तो सापडला तो तिच्या आईच्या कपाटामुळे. तिचे वडील लष्करात होते. लष्करी घरात फर्निचर असतं ते दर दोन-तीन वर्षांनी सुटं करून खोक्यात भरायचं आणि नव्या गावी पुन्हा उभं करायचं. त्या बदल्यांमध्ये भलीभली कपाटं गुडघे टेकतात. चंडीमंदिरला बनवून घेतलेलं एक कपाट मात्र सात बदल्या खाऊन ठणठणीत राहिलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'एकनाथ सुतार, चंडीमंदिर, हवा कोरडी.' हवेची नोंद करायची त्याला सवय होती, कारण इथलं लाकूड मे महिन्यात सुकतं आणि जुलैत फुगतं, आणि सुतार कोणत्या महिन्यात चुकला ते कळायला हवं. ओजस्विनीने ते नाव शोधत कारखाना गाठला आणि पहिल्याच भेटीत म्हणाली, "काका, तुमचं कपाट आमच्याकडे अजून आहे. एकदम पक्कं." परक्या मुलखात एका मुलीने मराठीत काका म्हटल्यावर एकनाथ विरघळला. तिने पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर त्याने न वाचता सही केली. फौजेत कागद वाचायचा नसतो, बोट दाखवलेल्या जागी सही करायची असते. वीस-बावीस वर्षांची सवय अशी जात नाही.

एप्रिलपासून तो रोज चार तास कपाळाला कॅमेरा बांधून आणि हातात तारांचे पातळ मोजे घालून ड्रॉवर जोडत होता. कापायचं काम आधीच एक मशीन करत होतं, आणि ते आल्यावर अकरातले चार सुतार गेले होते. उरलेल्या सातांना सांगितलं होतं की कापणं वेगळं आणि जोडणं वेगळं, जोडायला माणूसच लागतो. कॅमेरा कशासाठी आहे हे पहिल्या आठवड्यात एकनाथला कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जगतारने कळवलं.

"फौजी, तू अपनी कबर खोद रहा है और वीडियो भी बना रहा है," तो म्हणाला. जगतार सिंग सत्तावन्न वर्षांचा होता आणि एकनाथच्या शेजारच्या टेबलावर पंधरा वर्षं होता. "ऐसा कर, उल्टा सिखा दे. जोड़ ढीला रख. मशीन भी ढीला सीखेगी."

ही युक्ती एकनाथला आवडली. त्याने दुपारी एक ड्रॉवर घेतला, एक कोपरा मुद्दाम पूर्ण दाबला नाही, आणि दोनदा वाजवला. टक, टप. त्याने तो ड्रॉवर थप्पीत ठेवला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, चहा घेतला. सुट्टी झाली, कॅमेरा उतरवला, तो फाटकापर्यंत गेला. तिथून परत आला. गम अजून ओला होता. थप्पीतून तो ड्रॉवर काढून त्याने सांधा खोलला, साफ केला आणि पुन्हा बसवला. जगतार सायकलला टेकून हे बघत होता.

"चुकून झालेली चूक चालते," एकनाथ त्याला हिंदीत म्हणाला, "पण ठरवून केलेली हाताला चालत नाही. हात ऐकत नाही बाबा."

"फिर तो गए हम," जगतार म्हणाला. आणि मशीन चांगलंच शिकलं.

चाचणी झाली त्या दुपारी सेठीसाहेबांनी एकनाथला आणि ओजस्विनीला केबिनमध्ये बोलावलं. सेठी माणूस वाईट नव्हता. त्याच्या बापाने पटियालाहून येऊन पत्र्याच्या शेडमध्ये हा धंदा सुरू केला होता आणि ती शेड गेल्याचं दुःख त्याला आजही होतं. पण दुःख असलेल्या माणसालाही घड्याळ असतं.

"आठ सेकंद," तो म्हणाला. "हर ड्रॉवर पर आठ सेकंद ये मशीन नमस्ते कर रही है. मॅडम, ये निकालो."

"सर, ते वेगळं करून काढता येत नाही," ओजस्विनी म्हणाली. मग तिने तेच हिंदीत सांगितलं आणि एकनाथकडे वळली. "काका, प्लीज यार, तुम्ही परत रेकॉर्डिंग कराल का? न वाजवता. फक्त तीनशे वेळा."

"न वाजवता कसं कळंल बसलं का न्हाई ते?"

"कॅमेऱ्याला दिसतं ना."

"कॅमेऱ्याला भायेरचं दिसतं, ताई. आतलं न्हाई दिसत."

सेठीला मराठी येत नसलं तरी नकाराची भाषा समजत होती. तो म्हणाला, सकाळपासून मशीनने चाळीस ड्रॉवर जोडलेत, कॅमेऱ्याने चाळीसही पास केलेत, फौजीने एक तरी खराब काढून दाखवावा. इथे एकनाथने गप्प राहायला हवं होतं. पण ज्याच्या अंगात कसब असतं त्याला ते दाखवण्याची खाज असते, आणि बासष्टाव्या वर्षी ती कमी होते हा समज चुकीचा आहे.

त्याने चाळीस ड्रॉवर जमिनीवर रांगेत मांडायला लावले आणि तो एका टोकाकडून वाजवत निघाला. टक टक. टक टक. नवव्याला थांबला, बाजूला काढला. मग सतरावा, मग अठ्ठाविसावा, मग एकोणचाळिसावा. "ये चार," तो म्हणाला. ओजस्विनीने स्वतः पटाशी घेऊन नववा ड्रॉवर खोलला. आतल्या अंगाला, जिथे कॅमेरा जाऊच शकत नाही, तिथे केसाइतकी फट होती. चारही ड्रॉवर तसेच निघाले. सुतारांनी टाळ्या वाजवल्या. एकनाथने मिशीवरून हात फिरवला.

आणि मग त्याने ओजस्विनीचा चेहरा बघितला. ती हरल्यासारखी दिसतच नव्हती. तिचे डोळे चमकत होते.

"काका, हे तर सोनं आहे," ती म्हणाली. "माइक लावू आपण. तुम्ही फक्त हेडफोन घालून बसायचं. मशीन वाजवेल, तुम्ही सांगायचं, हा चांगला, हा ढिला. बस. तीन आठवड्यांत ते पण शिकेल ते."

हात गेला होताच. आता स्वतःच्या तोंडाने त्याने सांगून टाकलं होतं की कानही आहे. आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा त्याने आजवर पाडून घेतला नव्हता.

"आनि मग?" त्याने विचारलं.

ओजस्विनी खोटं बोलणारी नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. "मग नवीन लाइन. सेठीसर म्हणतात, दोनच माणसं लागतील. तुम्ही त्यातले एक, काका, हे पक्कं. मास्टर ट्रेनर."

"आनि बाकीचे पाच?"

तिने लॅपटॉप मिटला. "मी नाही केलं तर दुसरं कुणीतरी करेल, काका."

"आसंल," एकनाथ म्हणाला. "उद्या सांगतो."

खरडच्या दोन खोल्यांच्या घरात त्याची बायको अहिल्या भाकरी थापत होती. ज्वारीचं पीठ गावाहून यायचं, आणि ते संपत आलं की तिचा स्वभाव बिघडायचा. त्या आठवड्यात पीठ संपत आलं होतं. एकनाथने तिला सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजी राबायचं तुमी आन आयत्या बिळावर नागोबा त्यो," ती म्हणाली. "मंग? न्हाई म्हणालात का?"

"उद्या म्हणनार."

"मंग आज तोंड कशापायी पाडलंय?"

"जगतारला दोन पोरी हायत कॉलिजात. म्या कान दिला की त्येचं काम गेलं. न्हाई दिला की माझं गेलं."

"तुमचं गेलं तर काय हुतंय? त्या चंडीमंदिरच्या बायका दर बदलीला तुमाला हुडकत येत्यात, आमचं कपाट खोला, आमचा पलंग भरा. तुमीच न्हाई जात, कारखाना कारखाना करत." तिने भाकरी त्याच्या ताटात टाकली. "आन घरी बसला तरी चालंल. चौकट वाजवत बसा."

तो हसला नाही. कारखान्यातलं टेबल त्याचं स्वतःचं होतं. त्याने ते स्वतः बनवलं होतं, पहिल्या वर्षी, शिसमच्या लाकडात. तिथे उभं राहिलं की त्याची पाठ दुखत नसे. घरी बसून दुखेल हे त्याला आत्ताच कळत होतं.

"तुला वाटतं तसं सोपं न्हाई," तो म्हणाला.

"मला काय वाटतं ते तुमाला कवा ऐकू आलंय? बत्तीस वर्सं वराडतीया. माणसाचं ऐकू येत न्हाई आन लाकडाचं बरं येतंय."

आता मात्र तो हसला. हसता हसता थांबला, आणि हातातला घास तसाच धरून थोडा वेळ बायकोकडे बघत राहिला. "भाजी वाढू का?" तिने विचारलं. त्याला ते खरोखरच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओजस्विनीने त्याच्या टेबलावर माइक लावला होता. शेजारी हेडफोन होता. सेठीसाहेब मुद्दाम खाली उतरले होते, कारण फौजी काय उत्तर देतो याची त्यांनाही काळजी होती. सातही सुतार हातातलं काम सोडून उभे होते. ओजस्विनीने हेडफोन पुढे केला. एकनाथने तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि टेबलावर ठेवला.

"साहब, मेरे को सुनाई नहीं देता."

सेठींना वाटलं, चेष्टा आहे. "फौजी, कल तो चालीस में से चार निकाले."

"कल आता था," एकनाथ म्हणाला. "आज नहीं आता."

सेठींचा चेहरा लाल होत गेला. ते मागे वळले आणि त्यांनी जगतारकडे बोट दाखवलं. फौजीच्या शेजारी पंधरा वर्षं उभा आहे, आवाज त्यालाही ओळखता येणारच, आणि हे खरंही होतं. "जगतार, तू बैठ. दो आदमी रखूंगा, एक तू."

एकनाथने जगतारकडे बघितलं नाही. त्याने नजर टेबलावरच्या एका जुन्या खाचेवर ठेवली. दोन पोरी कॉलेजात असलेल्या माणसाकडे अशा वेळी बघू नये, एवढं त्याला कळत होतं. जगतार बसला तर त्याला दोष द्यायचा नाही, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

जगतारने हाताचा पेला करून कानामागे धरला. "क्या बोले जी?"

"बैठ, बोला."

"ज़ोर से बोलो सेठी साहब. तीस साल आरा मशीन पे खड़ा रहा हूं. दोनों कान गए."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सेठींनी तिसऱ्याला विचारलं. हा बरेलीचा, वयाने सगळ्यांत लहान, चाळिशीचा. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, लहानपणी कानात पाणी गेलं होतं. चौथा काही बोललाच नाही, त्याने नुसता हात हलवला. पाचवा म्हणाला, आपल्याला ऐकू येतं पण समजत नाही. सहाव्या-सातव्याने नुसते कान खाजवले. एका सकाळीत त्या कारखान्यातले सगळे सुतार बहिरे झाले. इतकी मोठी साथ त्या इंडस्ट्रियल एरियात याआधी आली नसेल.

सेठी चिडले, ओरडले, आणि ते ओरडणंही कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी ते एकनाथसमोर येऊन उभे राहिले. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या आणि बाकीच्या सहा जणांना हात लावणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण आग कुणी लावली ते त्यांना माहीत होतं.

"दिवाली तक," ते हळू आवाजात म्हणाले. "उसके बाद मत आना, फौजी."

हे मात्र एकनाथला ऐकू आलं. "जी साहब," तो म्हणाला आणि रंधा हातात घेतला.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पंजाबात विश्वकर्मा दिवस असतो. त्या दिवशी कुठल्याच कारखान्यात काम होत नाही. हत्यारं धुऊनपुसून मांडतात, त्यांची पूजा होते, लाडू वाटतात, आणि दिवसभर कामासाठी हत्याराला कुणी हात लावत नाही. एकनाथची हत्यारं तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीलाही पूजली जात. फौजीची औजारं वर्षातून दोनदा सुट्टी घेतात, असं सेठीच पूर्वी कौतुकाने सांगत. कारखान्यातला सगळ्यांत जुना कारागीर म्हणून टिळे लावायचं काम एकनाथकडे होतं. यंदाही थाळी त्याच्याच हातात आली. नाही म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, सेठींनाही नाही.

फटाक्यांचा धूर अजून हवेत होता. एकनाथने करवती, पटाश्या, रंधे, हातोड्या, गुण्ये, सगळ्यांना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. कापण्याच्या मशीनलाही लावलं. त्याने चार माणसं घालवली होती, पण गेली दोन वर्षं ते बिचारं इथेच राबत होतं. सगळ्यात शेवटी तो त्या नव्या हातासमोर आला. हाताला झेंडूची माळ घातली होती. सेठींनी आज त्याचा मुहूर्त धरला होता. पूजा झाली की मशीन चालवून बघायचं, पाहुणे यायचे होते. आज कुणी हत्यार चालवत नाही, असं जगतार म्हणाला होता. त्यावर सेठींनी उत्तर दिलं होतं, "मशीन को छुट्टी थोड़ी चाहिए."

एकनाथ थाळी घेऊन मशीनसमोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने थाळी खाली ठेवली, बोट मुडपलं आणि मशीनच्या लोखंडी खांबावर दोनदा वाजवलं. कान जवळ नेला. सगळे बघत होते.

"क्या बोलता है?" सेठींनी विचारलं. त्यांच्या आवाजात अजूनही थोडी आशा होती.

"खोखला है साहब."

त्याचा हात खालीच राहिला. कपाळाकडे गेला नाही. त्याने थाळी उचलून सेठींच्या हातात दिली. "टीका आप लगाओ. आपका है." एवढं म्हणून त्याने आपल्या टेबलाखालून लाकडी पेटी काढली आणि पूजेत मांडलेली आपली हत्यारं एका जुन्या लुंगीत गुंडाळून तिच्यात ठेवली. टेबलाला त्याने हात लावला नाही. ते नेता येण्यासारखं नव्हतं, खिळ्यांनी जमिनीला जखडलेलं होतं. त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने नाव, तारीख आणि हवा लिहिलेली होती. एवढंच एक काम त्याने बदलीसाठी बनवलं नव्हतं.

फाटकाशी ओजस्विनी उभी होती. तिच्या हातात लाडूचा डबा होता आणि तो कुणाला द्यायचा ते ती विसरली होती.

"काका," ती म्हणाली, "सेठीसर म्हणत होते, निदान शेवटचं ते हात वर करणं तरी काढून टाक. वाजवणं नाही निघत, तेवढं जमलं असतं मला. पण मी नाही काढलं."

"ऱ्हाऊ दे," एकनाथ म्हणाला. "त्येला कपाळ न्हाई, त्यात त्येचा काय दोष."

"तुम्ही रागावलात माझ्यावर."

"रागावलो की. मंग?" तो म्हणाला. "पर आईला सांग, मार्चात बदल्या सुरू हुत्यात. कुणाचं सामान असंल तर मी खरडला हाय. आन कपाटाच्या मागं हवा काय लिवलीय ते बगून ठेव. कोरडी असंल तर पावसाळ्यात दाराला जरा मेण लाव."

ती मान हलवत राहिली. त्याने तिच्या हातातल्या डब्यातून एक लाडू घेतला, दुसरा अहिल्येसाठी घेतला आणि फाटक ओलांडलं.

तो दहा पावलंही गेला नसेल तेवढ्यात आत मशीन सुरू झालं. पाहुण्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. मग लाकूड लाकडात बसल्याचा आवाज, आणि मग टक, टक. एकनाथ चालत राहिला. दुसरा ड्रॉवर. टक, टक. चांगला जोडला होता, नाही म्हणायला जागा नव्हती. अखेर शिकवलं कुणी होतं? तिसरा आला तेव्हा तो वळणाशी पोचला होता.

टक, टप.

त्याचे पाय थांबले. गम ओला आहे तोवरच तो सांधा नीट होणार होता, मग कुणीही आलं तरी होणार नव्हता. तो ड्रॉवर कुणाच्या तरी घरात जाईल, एक पावसाळा काढेल, दुसऱ्या पावसाळ्यात अडकेल, आणि कुणीतरी बाई त्याला रोज शिव्या देईल. एकनाथला हे इतकं स्पष्ट दिसलं की त्याने खरोखरच एक पाऊल मागे टाकलं. फाटक अजून उघडं होतं. आत सहा सुतार भिंतीला टेकून बसले होते, लाडू खात. सहाही जणांनी तो आवाज ऐकला असणार. जगतारने तर नक्कीच. पण आज हत्याराला हात लावायचा नव्हता, आणि तसंही ते सगळे बहिरे होते. कुणीच उठलं नाही.

आत क्षणभर शांतता होती. म्हणजे तो हात आता वर गेला असणार, कपाळ शोधत.

त्या ड्रॉवरवर आपलं नाव नाही, असं एकनाथने स्वतःला एकदा सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि खरडची बस पकडायला तो चौकाकडे चालू लागला.